कोरड्या दिवसाचे अकरा खडे

उंद्रीच्या त्या गल्लीत प्रत्येक खिडकीत काही ना काही होतं. कोणाकडे मनीप्लांट, कोणाकडे दाढीचं सामान, विमलबाईंच्या खिडकीत तर बाराही महिने एक मांजर. महामायाच्या खिडकीत लोणच्याची मोठी काचेची बरणी होती, लाल झाकणाची, आणि तिच्यात पाण्यात बुडवून ठेवलेले दगड होते. पाच महिने झाले होते त्यांना मुरत. विमलबाई येता-जाता खिडकीशी थबकायच्या आणि दगडाले कोंब फुटला का म्हणून विचारायच्या. पहिलं पान तुम्हालाच देईन, असं महामायाही न चुकता सांगायची. दोघींचा हा रोजचा जयभीम-रामराम झाला होता.

दगड आले होते भागवतच्या विहिरीतून. मे महिन्यात त्यानं गावाच्या उत्तरेला विहीर खणायला घेतली, चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, आणि सुरुंग लावल्यावर पाषाणात एक पोकळी उघडी पडली, टोपलीभर आकाराची, आतून ओली आणि आतल्या बाजूनं पांढऱ्या काड्याच काड्या. भागवत प्रसेनजितचा शाळेतला दोस्त. त्याला एवढं ठाऊक होतं की प्रसेनजितची बायको दगडांवर पीएचडी करते. त्यानं फोन केला. महामाया चार महिन्यांच्या मयूला कडेवर घेऊन, प्रसेनजितच्या मोटरसायकलवर मागे बसून, भर उन्हात विहिरीवर गेली. घमेल्यातून वर आलेल्या त्या काड्या तिनं एकदाच पाहिल्या आणि प्रसेनजितच्या हातातली पाण्याची बाटली हिसकून घमेल्यात ओतली. प्रसेनजित तहानलेला होता. तो ही गोष्ट अजून सांगतो.

आता दगडाला पाणी कशाला, तर त्याला कारण होतं. या काड्या लाउमोंटाइटच्या होत्या. लाउमोंटाइट हे झिओलाइट घराण्यातलं खनिज. या घराण्यात सगळ्यांच्याच पोटात पाणी असतं. ओलावा किंवा चिकटलेले थेंब नव्हेत, रचनेतच बसलेलं पाणी. सिलिका आणि ॲल्युमिनाचे नखाएवढेही नसलेले, डोळ्यांना कधीच न दिसणारे सांगाडे एकमेकांना कोपऱ्याकोपऱ्यांत जोडलेले असतात. त्यांच्यामध्ये खोल्या, खोल्यांमधून बोळ, आणि त्या बोळांत कॅल्शियम बसलेलं, भोवती पाणी. तापवलं की पाणी निघून जातं, घर मात्र उभं राहतं. या घराण्यात लाउमोंटाइट तेवढा हळवा. त्याला तापवायचीही गरज नाही. विहिरीतून वर काढून नुसता कोरड्या हवेत ठेवला, तरी त्याचं थोडं पाणी चालतं होतं, मग तो दुधाळ होतो, मग तडे जातात, आणि एक दिवस बोट लावलं की भुगा. म्हणून बरणी, म्हणून पाणी, आणि पाणी उडू नये म्हणून झाकण.

हे पाणी नेमकं कोणत्या दारानं बाहेर पडतं, हेच महामायाला शोधायचं होतं. नोंदणी करून तिला साडेपाच वर्षं झाली होती. त्यात लग्न झालं, साखरखेर्ड्याहून ती उंद्रीत आली, चिखलीच्या कॉलेजात तासांवर शिकवायला लागली, मयू झाली. मुदतवाढ एकदा मिळाली होती. दुसरी मिळणार नव्हती. डिसेंबर अखेर शेवट. नागपूरच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी स्फटिक आतून मोजणारं यंत्र होतं, आणि त्यावर तिला ऑक्टोबरातला एक मंगळवार मिळाला होता. तो हुकला तर पुढची पाळी मार्चमध्ये, आणि मार्चपर्यंत महामायाचं नाव विद्यापीठाच्या यादीतून गेलेलं असणार. तिच्या मार्गदर्शक जयमाला मॅडमनी फोनवर हे इतक्या मायेनं सांगितलं होतं की ते जास्तच लागलं.

त्या मंगळवारच्या आधीचा शनिवार.

शनिवार म्हणजे कोरडा दिवस. महामायाच्या सासूबाई, पंचफुलाबाई, गावच्या आशाताई होत्या. निळी-गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर. आठवड्यातून एक दिवस घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात सुकवा, म्हणजे डासाच्या अळीला वाढायला आठवडा मिळत नाही, आणि गावात डेंग्यू येत नाही. हे त्यांनी गेली बारा वर्षं दारोदार सांगितलं होतं. लोक टाळाटाळ करायचे. एकदा सरपंचांच्या अंगणातला रांजण त्यांनी स्वतः लवंडला होता आणि वर रजिस्टरवर सरपंचांची सही घेतली होती. भांडं एक तर रिकामं पाहिजे, नाही तर झाकलेलं पाहिजे, हा त्यांचा नियम. तिसरा प्रकार नाही.

त्या शनिवारी महामायाचे चिखलीला दोन तास होते. ती साडेतीनला परतली. अंगणात प्लास्टिकच्या ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं होतं, त्याच्या पलीकडे संडासाच्या पत्र्यावर एक परात होती, परातीत जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि तुकड्यावर काहीतरी पांढरं, ओळीनं मांडलेलं. तिला वाटलं सांडगे. ऑक्टोबरात सांडगे कशाला, असाही एक विचार येऊन गेला. मग तिनं खिडकीकडे पाहिलं. बरणी उपडी घातलेली होती. स्वच्छ घासलेली, चकचकीत.

तिनं परात खाली घेतली. काड्या अजून काड्यांसारख्याच दिसत होत्या, फक्त खडूसारख्या पांढऱ्या. तिनं एकीला बोट लावलं. काडी बसली. उन्हानं कुरकुरीत झालेली पापडी बसावी तशी, आवाजसुद्धा न करता.

पंचफुलाबाई मयूला मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा कौतुकाची वाट पाहणारा होता. नागपूरला न्यायचे दगड, त्यांच्यावर शेवाळ धरलेलं, म्हणून त्यांनी ते ब्रशनं एकेक धुतले होते, पुसले होते आणि सकाळी नऊपासून उन्हात ठेवले होते. सून शिकलेली आहे, तिच्या वस्तू तिथे चार मोठ्या लोकांसमोर जातील, तर नीट जाव्यात.

"पाह्यलं का कसे पांढरेफक झाले," त्या म्हणाल्या. "आन् बरणीत अळ्या होत्या बरं. आशाताईच्या घरात अळ्या. कोणी पाह्यलं असतं तं मले तोंड दाखवाले जागा नव्हती."

 महामायानं परात खाली ठेवली, मयूला घेतलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं. रागावण्यासाठी तिच्याकडे वाक्यं तयार होती, चांगली लांब. पण मयू तिच्या कडेवर काहीतरी चावत होती, दोन्ही हातांनी धरून, लाळ गाळत, नव्या दोन दातांनी करकरा. लाल झाकण. सोमवारी दात शिवशिवत होते, पोर काही केल्या राहत नव्हती, तेव्हा महामायानंच बरणीवरून काढून तिच्या हातात दिलं होतं. मग पाच दिवस ते कधी पलंगाखाली, कधी पोरीच्या तोंडात. बरणी उघडी. उघडं भांडं म्हणजे रिकामं करायचं भांडं. नियमात तिसरा प्रकार नाही.

तिनं ती सगळी वाक्यं गिळली. गिळलेली वाक्यं पोटात बराच वेळ टोचत राहतात, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळपर्यंत जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं तिनं केलं. थोडा भुगा वाटीतल्या पाण्यात घालून पाहिला. पाणी आत परत जातं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. भुगा पुन्हा जरासा पारदर्शक झालाही, पण भुगाच राहिला. फुटलेलं ताट पाण्यात ठेवलं म्हणून सांधलं जात नाही, आणि नागपूरच्या यंत्राला अखंड स्फटिक हवा होता. तिनं भागवतला फोन केला. विहिरीत आता वीस फूट पाणी होतं, वर काढलेला मुरूम त्यानं शेतरस्त्यावर टाकला होता आणि पोकळीतला उरलेला माल पावसानं आणि ट्रॅक्टरनं कधीच दळला होता. वहिनी म्हणत असतील तर मी बुडी मारतो, असं तो म्हणाला, आणि अर्धवट खरंच म्हणाला. मग जयमाला मॅडमना फोन.  भुग्याचंही मोजमाप होतं, पण लाउमोंटाइटचा भुगा जगानं शंभरदा मोजलेला आहे, त्यात नवं काही नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पाळी सोडायची की नाही हे उद्या संध्याकाळपर्यंत कळव.

प्रसेनजित वीज मंडळात वायरमन. तो खांबावरून उतरून घरी आला तेव्हा घरात दोन बायका दोन खोल्यांत होत्या आणि भाजी कोणीच टाकली नव्हती. त्याला आधी दोघींनी काहीच सांगितलं नाही आणि मग दोघींनी एकाच वेळी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि आपण घाबरल्यावर करतो तसा एक विनोद केला: "म्हणजे आई, पाच महिने जपलेलं लोणचं तू धुऊन टाकलं." कोणी हसलं नाही. मग त्यानं भाजी टाकली.

पंचफुलाबाईंना दगडाचं काय झालं ते आता कळलं होतं, पण का झालं ते कळत नव्हतं. रात्रीच्या भाकरीला बसताना त्यांनी एकदाच विचारलं. महामायानं सांगितलं की त्या दगडात पाणी होतं. त्या म्हणाल्या, मी तर बाहेरचं फेकलं. महामाया म्हणाली, आतलंही गेलं. पंचफुलाबाईंनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

रविवारी दुपारी मयूला निजवता निजवता महामायालाही डोळा लागला. जागी झाली ती एका आवाजानं. सर्र, फट. सर्र, फट. सूप पाखडण्याचा आवाज. रविवारी दुपारी तीनला कोण काय पाखडतं?

पंचफुलाबाई मागच्या दारात उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. तोंडाला मास्क, करोनाच्या वेळचा, आशाताईंच्या कोट्यातून उरलेला. डोक्यावर पदर. परातीतला भुगा त्यांनी सुपात घेतला होता आणि त्या तो वाऱ्याला देत होत्या. पांढरी धूळ परसाकडे उडून जात होती. मग जरा जड राहिलेलं त्या परातीत घेत, बोटांनी पसरत, आणि निवडत. चाळीस वर्षं त्यांनी तांदळातून, तुरीतून, सरकारी गव्हातून खडे निवडले होते. खडे टाकायचे, दाणे ठेवायचे. आज दाणा कोण आणि खडा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण हात थांबले नव्हते. सकाळी नऊपासून त्या तिथे बसल्या होत्या, असं विमलबाईंनी नंतर सांगितलं. विमलबाई दोनदा डोकावून गेल्या होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी दगडाचं पीठ दळून कोणती पोळी करता म्हणून विचारलंही होतं. पंचफुलाबाईंनी उत्तर दिलं नव्हतं, आणि पंचफुलाबाईंनी उत्तर न देणं ही विमलबाईंच्या आयुष्यातली पहिलीच घटना होती.

महामायाला पाहून त्यांनी मास्क खाली ओढला.

"महामाया, इकडे ये. हे पाय." त्यांच्या शेजारी स्टीलची छोटी ताटली होती. "सारे मेले. मंग हे अकरा काऊन नाई मेले वं?"

ताटलीत अकरा खडे होते. साबुदाण्याएवढे, एखादा जरा मोठा. चपटे, कडा तिरप्या, आणि काचेसारखे नितळ. एक दिवस उन्हात, पत्र्यावर, आणि त्यांच्यात एक दुधाळ ठिपका नाही.

महामाया खाली बसली. तिच्या मनात पहिलं नाव आलं ते गारगोटीचं. विहिरीच्या पोकळ्यांत गारगोटी असतेच, आणि गारगोटीसाठी कोणी नागपूरला जात नाही. तिनं सगळ्यात छोटा खडा घेतला, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि टोक ओढून पाहिलं. ओरखडा उठला. गारगोटीवर सुरीचा ओरखडा उठत नाही. मग चुनखडीचा स्फटिक असेल, कॅल्साइट. लिंबू पिळलं. सासूबाई श्वास रोखून पाहत होत्या. एकही बुडबुडा नाही. मग स्टिल्बाइट, अपोफिलाइट, ती नेहमीची मंडळी? त्यांची एक तरी बाजू मोत्यासारखी चमकते. तिनं खडा उन्हात चारी बाजूंनी फिरवला. मोत्याची चमक कुठेच नाही, सगळीकडे काच.

"हे काड्यांच्या बुडात होते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "काड्या गळल्या तं हे सुटले. काड्या असत्या तं दिसलेच नसते."

 हे खरं होतं. पाच महिने महामाया त्या बरणीतल्या काड्या मोजत होती, आणि काड्यांच्या मुळाशी काय आहे ते तिला दिसलं नव्हतं.

"कोण आहेत हे?" सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आत्याबाई."

"तुले माहीत नाई म्हणजे चांगलंच असंन काईतरी," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्क परत वर चढवला. परातीत अजून दोन मुठी भुगा होता. तोही त्यांनी निवडला. बारावा सापडला नाही.

संध्याकाळी महामायानं मॅडमना कळवलं की ती पाळी सोडत नाही.

सोमवारी सकाळी चिखलीच्या स्टँडवरून तिघी निघाल्या. महामाया, मयू, आणि मयूला सांभाळायला पंचफुलाबाई, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गटप्रवर्तक ताईंकडे रजा मागितली होती. अकरा खडे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, कापसात, पंचफुलाबाईंच्या पिशवीत, रजिस्टरच्या शेजारी. बाटली मी धरते, असं महामाया दोनदा म्हणाली. राहू दे, लसीच्या बाटल्या मी बारा वर्षं बर्फात घालून नेते आहे, असं उत्तर मिळालं. अकोल्यात बस थांबली तेव्हा उसाचा रस झाला. अमरावतीपर्यंत मयू झोपली, मग उठून तिनं शेजारच्या बाईंच्या पदराशी ओळख केली. रात्रीचा मुक्काम पंचफुलाबाईंच्या बहिणीकडे, सत्यभामाबाईंकडे. त्यांनी दगड बघायला मागितले, पाहिले, आणि एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात का, हे विचारायचं टाळून पोहे केले.

प्रयोगशाळेतलं यंत्र सांभाळणारे इंद्रभानजी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ. त्यांच्यासमोर लोक औषधांचे, रसायनांचे स्फटिक घेऊन यायचे. दगड घेऊन येणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. दगड तडकलेले असतात, जुळे असतात, एकावर एक चढलेले असतात, आणि आणणाऱ्याला वाटतं आपण हिरा आणला. त्यांनी अर्जावर पाहिलं: लाउमोंटाइट. बाटलीत पाहिलं. हे लाउमोंटाइट नाही, म्हणाले. महामाया म्हणाली, माहीत आहे. मग हे काय आहे? तेच विचारायला आलो.

इंद्रभानजींना हे उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी चष्मा बदलला.

यंत्राला साबुदाणाही मोठा पडतो. त्याला हवा रव्याचा एक दाणा. त्यांनी एका खड्याचे तुकडे केले, तेल लावलेल्या काचेवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं सरकवत सरकवत एक निवडला. निवडलेला दाणा केसाएवढ्या तंतूच्या टोकावर डिंकानं बसवायचा असतो. पंचफुलाबाई मयूला खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे उभ्या होत्या, आणि कोणी काही निवडत असलं की त्यांना राहवत नाही.

"दादा, मी पाहू का एकडाव?"

इंद्रभानजींनी महामायाकडे पाहिलं. महामाया मयूला घ्यायला पुढे झाली. पंचफुलाबाई वाकून, एक डोळा मिटून, बराच वेळ पाहत राहिल्या.

"याच्यात रेघ आहे," त्या म्हणाल्या.

रेघ नाही, तो प्रकाशाचा खेळ आहे, असं इंद्रभानजींनी समजावलं. त्या म्हणाल्या, असंन. पण सुई मागितली. रव्यातल्या अळ्या निवडणारा हात. त्यांनी तो दाणा जरासा कुशीवर वळवला. इंद्रभानजींनी पुन्हा पाहिलं, भिंगाखालची तबकडी फिरवली, आणि एक बारीक हुंकार दिला. अर्धा दाणा उजळला होता, अर्धा काळाच होता. दोन स्फटिक एकमेकांना चिकटलेले. तो घातला असता तर दुपार वाया गेली असती.

"मंग हा घ्या," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि सुईनं दुसरा दाणा पुढे सरकवला.

इंद्रभानजींनी तो घेतला. अर्जावर एक रकाना असतो, नमुना कोणी निवडला असा. नेहमी ते तिथे स्वतःची सही ठोकतात. त्यांनी कागद पंचफुलाबाईंपुढे केला. त्यांनी रजिस्टरात करतात तशी पूर्ण सही केली, तारीख घातली, आणि सवयीनं हुद्दाही लिहिला: आशा, उंद्री.

मग वाट पाहणं. पहिल्या अर्ध्या तासात नुसती घराची मापं कळतात. स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या खोल्यांची रांगच रांग. एक खोली मोजली की रांगेची ओळख पटते. महामाया काचेच्या खिडकीशी बसून राहिली. लाउमोंटाइटच्या खोलीची मापं तिला मयूच्या वजनासारखी पाठ होती. पंधराला जरा कमी, तेराच्या वर, साडेसात. आणि एक कलता कोपरा, एकशे अकरा अंशांचा.

पंचफुलाबाई तेवढ्यात यंत्राच्या मागे जाऊन आल्या. एसीचं पाणी एका ट्रेमध्ये पडत होतं. त्या ट्रे घेऊनच आल्या. इंद्रभानजी खुर्चीतून अर्धे उठले. पंचफुलाबाईंनी ट्रे उजेडाकडे धरला, आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पाच-सहा, चपळ.

"आठवड्याले एक दिवस," पंचफुलाबाई एवढंच म्हणाल्या. ट्रे बेसिनमध्ये रिता केला, घासला, आणि खिडकीत सुकायला ठेवला. इंद्रभानजी पुन्हा बसले. बारा वर्षांत सरपंच बसले होते, तर ते काय.

पडद्यावर आकडे आले तेव्हा इंद्रभानजींनी ते उलट क्रमानं वाचले, आधी कोपरा. एकशे अकरा आणि वर अर्धा.  तोच कोपरा. म्हणजे तेच घर, कुठलातरी लाउमोंटाइटचाच चिवट भाऊबंद. महामायानं डोळे मिटले. मग ते बाजू वाचू लागले. सहा पूर्णांक सात. चौदाला जरा कमी. दहा.

तिनं डोळे उघडले. कोपरा सारखा, खोली दुसरी.

इंद्रभानजींनी आकडे यादीशी पडताळून पाहिले. यादी एका ओळीवर थांबली. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं, कारण त्यांच्या तीस वर्षांत ते एकदाही समोर आलं नव्हतं. युगावारालाइट. जपानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ पहिल्यांदा सापडलेला, जगात थोडक्या ठिकाणी, आपल्याकडे तर आणखीनच थोडक्या. महामायानं त्याचं चित्र पाहिलं होतं, एमएस्सीच्या पुस्तकात, एका पानाच्या कोपऱ्यात. परीक्षेला येत नाही म्हणून पान उलटलं होतं.

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, प्रबंधातलं प्रकरण बदलायचं. एकाच पोकळीत दोन भाऊ, एक सुकतो, एक सुकत नाही. का, ते लिही. नोव्हेंबरात कच्चं दे. आणि पूर्ण मोजमाप होईपर्यंत तिथून हलू नकोस.

परतीच्या बसमध्ये पंचफुलाबाईंनी विचारलं, ते अकरा का नाही मेले, ते आता सांग. कळेल असं सांग.

महामायानं थोडा विचार केला. बाहेर कपाशीची शेतं मागे पळत होती. मयू दोघींच्या मध्ये आडवी.

"पहिल्या दगडात," ती म्हणाली, "सगळं पाणी कॅल्शियमच्या हाताशी नसतं. थोडं पाणी नुसतंच उभं असतं, उंबऱ्याशी, जरा कोणी बोलावलं की निघणारं. ते गेलं की घर आक्रसतं, तडकतं. या दुसऱ्यात कॅल्शियमनं चार बाजूंनी घराला धरलंय, आणि चारही पाण्यांचे हात धरलेत. उन्हानं बोलावलं तरी कोणी निघत नाही. भट्टीत घातलं तर निघेल. उन्हात नाही."

पंचफुलाबाईंनी मान डोलावली. 

"तू परवा मले बोलली नाई," त्या म्हणाल्या. "बोलली असती तं चाललं असतं."

"झाकण मीच काढलं होतं, आत्याबाई. मयूला."

"मले माहीत होतं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरीच्या तोंडात पाह्यलं होतं मी. म्हटलं, आपून बरणी उघडी दिसली तं झाकण शोधाचं, का पाणी फेकाचं? झाकण शोधाले पाह्यजे होतं." मग त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि उघडून दाखवलं. गेल्या शनिवारच्या पानावर, बाकीच्या घरांच्या ओळीत, त्यांच्याच अक्षरात स्वतःच्या घराची नोंद होती. अळ्या आढळल्या: होय. भांडी: एक. पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. तिथे लिहिलं होतं, लेकराचे दात.

महामाया इतकी हसली की मयू जागी झाली.

पुढच्या शनिवारी विमलबाई खिडकीशी थबकल्या. बरणी जागेवर होती, पण पाणी नव्हतं. तळाशी कापूस, कापसावर दहा खडे, कोरडे ठक्क, आणि चकाकणारे. कोंब फुटला का, असं त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं की झाकण कुठे आहे, धूळ जाईल.

याला झाकण लागत नाही, महामाया आतून म्हणाली. ती टेबलाशी बसून लिहीत होती, भराभर, मयू उठायच्या आत. पलंगावर मयू झोपली होती, आणि मुठीत तिचं लाल झाकण होतं, कडेला दोन दातांच्या चार-पाच खुणा असलेलं, आता कुठल्याच बरणीला नीट न बसणारं.